पाटी वाचण्यापुरती परवानगी

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरी यायला
अजून वीस मिनिटं.
स्कूटर लावून मी मांडीवर लॅपटॉप उघडते
आणि ब्राउझर पुन्हा तेच बजावतो:
हे एक्स्टेन्शन तुमच्या सगळ्या पानांवरचं
सगळं वाचू शकेल, बदलू शकेल.

मी लिहिलेली ओळ एवढी हावरट असेल
असं वाटलं नव्हतं.

मला करायचं होतं इतकंच.
खाजनात कोरगुट पेरणाऱ्यांचा एक सर्व्हर आहे,
माणसं एकशे बारा.
रात्रपाळीच्या नर्सांचा एक.
एक मडगावात, सावियोच्या माळ्यावर,
वीज गेली की तोही जातो.
कुणी कुणाचा भाटकार नाही.
ज्याचं त्याचं कुंपण, ज्याची त्याची भांडणं.
पण एकातून दुसऱ्यात पाऊल टाकलं
की दार विचारतं, कोण गं तू?
आणि ओळखीच्या बाईला
साधं 'हो' म्हणायचं राहून जातं.
एकच गोष्ट इथे तीन उत्तरांची दिसते, तिथे अकराची.
मधली आठ कुठे अडकली
ते शोधण्यात माझा श्रावण गेला.

म्हणून एक बटण.
परक्या अंगणात उभं असताना दाबायचं,
आणि तेच सगळं
आपल्या घरच्या खिडकीतून दिसायला हवं.

सकाळी साडेसहाला कायतान पदेर येतो.
सायकलचा भोंगा, मागे निळ्या प्लास्टिकखाली पाव.
आमच्या वाड्यावर घरांना आकडे आहेत,
सातनंतर एकोणतीस, मग पुन्हा आठ,
पंचायतीला विचारलं तर पंचायत हसते.
कायतानला विचारावं लागत नाही.
प्रियोळकरांकडे सहा,
एल्विराबाईंकडे साखर वाढल्यापासून एकच, कोंड्याचा.
फाटकाला अडकवलेल्या पिशवीत टाकतो, पुढे जातो.
आत कोण खोकतंय, कोण कोणाशी बोलत नाही,
कानांवर पडत असणारच.
वीस वर्षांत तो कुणाच्या बाल्कांवाची पायरी चढलेला नाही.

त्या सकाळी, पाव हातात गरम असताना,
मी परवानगीच्या यादीतली चांदणी खोडली.
त्या एका चांदणीत सगळं जग होतं.
खोडायला एक कळ पुरली,
तिच्यावाचून काम चालवायला पाच आठवडे.
आता बोलावलं तरच ते जागं होतं.
दारावरची पाटी वाचतं.
बाहेर थांबतं.

अकरा जणांनी घेतलंय.
त्यातली एक मी, दोन सावियो.

मग भाताचा सर्व्हर बंद झाला.
तो चालवणाऱ्या वसुमती गांवकरांनी शेवटचं लिहिलं होतं:
मानशीचं दार कुजलं, खारं पाणी आत आलंय,
या महिन्यात पैसे एक तर बांधाला, नाही तर तुम्हाला.
कुणी वाद घातला नाही.
एकशे बारा माणसं गेली,
बियाणं कोणत्या पाण्यात किती दिवस तगतं
ते सगळं गेलं,
आणि माझं बटण अजून तिथे नेत राहिलं,
पांढऱ्या पानावर, जिथे काहीच नाही.

मी कायतानला विचारलं,
डिसोझांचं घर बंद होऊन चार वर्षं झाली,
सगळे लिस्बनला,
तिथे भोंगा का वाजवतोस?
म्हणाला, रस्त्यार आसा म्हूण.
मग जरा थांबून,
मे महिन्यात एकदा खिडकी उघडली होती.
दोन पाव घेतले.

फेरीचा दिवा पाण्यावर हलतोय.
बॅटरी चार टक्के.
पांढऱ्या पानाच्या जागी मी टाइप करते:
घर बंद आहे. वाजवून पाहिलं.
उद्या याच वेळी पुन्हा वाजवीन.
हे वाक्य यंत्राला कसं शिकवायचं
ते पलीकडे गेल्यावर बघू.

रॅम्प खाली येतो, लोखंड सिमेंटवर घासतं,
खलाशी हात हलवतो, आधी चालणारे, मग गाड्या.
लॅपटॉप मिटताना आठवतं,
ती आठ उत्तरं
अजून सापडलेली नाहीत.