सतरा ग्रॅम

साल्वादोरच्या न्यायालयाचं तळघर.
पंखा एकच, तोही कारकुनाकडे तोंड करून.
गठ्ठ्यांना सुतळी नाही,
कुणाच्या तरी बुटांच्या नाड्या बांधल्यात.

रकाने मीच आखलेत :
वजन, वस्ती, वकील कुणाचा, सुनावणीची मिनिटं.
आणि रंग.
तो पोलीस भरतो चौकीतल्या ट्यूबलाइटखाली,
समोरच्याला न विचारता.

सतरा ग्रॅम गांजा.
काइयो, समुद्रासमोरची इमारत, आठवा मजला,
आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष.
'स्वतःच्या वापरासाठी.' मिनिटं सहा. घरी.

सतरा ग्रॅम गांजा.
उएलिंतोन. आईनं नाव ऐकलं तसं लिहवलं,
कोर्टानं तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलं
आणि खाली शेरा मारला :
'आरोपी स्वतःच्या नावाबाबत विसंगत.'
टेकडीचा जिना सुरू होतो तिथं पकडला,
म्हणून विक्रेता.
खिशात चाळीस रियाल, सगळे सुटे,
म्हणून पुरावा.
मिनिटं चार.
पुढचं पान पाच वर्षांचं.

माझी आई बाजारात सुकी कोळंबी विकायची.
तिच्या ॲप्रनमध्ये कायम सुटेच पैसे.
काटा स्थिर झाला तरी
वरून एक चिमूट टाकायची.
मापात पाप नको, म्हणायची,
आणि गिऱ्हाईक गेलं की माशा हाकलायची.

प्राध्यापिका दाल्वा म्हणतात, दोन फाइलींनी काही सिद्ध होत नाही.
नऊशे हव्यात.
आणि 'अन्याय' हा शब्द खोड, 'तफावत' लिही.
खोडला.
खोडरबरानं कागद तिथं पातळ झालाय,
पलीकडचा आकडा दिसतो.

मी नि माझा भाऊ एकाच कुशीतले.
जन्मनोंदीत मी निमगोरी, तो काळा.
त्या दिवशी कारकून वेगळा होता, एवढंच.
पोलीस बस थांबवतात तेव्हा
तो आधीच उठून उभा राहतो.
मी पुस्तक वाचत बसते.

बेचाळिसावी फाइल.
वजन आहे, वस्ती आहे.
रंगाचा रकाना कोरा.
विसरला असेल पोलीस, किंवा पेन संपलं असेल.
नियम मीच केलाय :
नोंद नसल्यास फोटोवरून ठरवावं.

फोटो पिनेला गंजलाय.
एकोणीस वर्षांचा मुलगा सरळ माझ्याकडे बघतोय.
मी टेबलावरचा दिवा त्याच्या तोंडावर ओढते,
जरा तिरपा करते,
अजून जरा.

पेन्सिल हातात आहे.
कारकून विचारतो, झालं का, बंद करायचंय.