अर्धा इंच

इनासनं एकच काम सांगितलं होतं:
तिथं पाण्याला काय म्हणतात, तेवढं ऐकून ये.

इनास कोर्लईचा, खाडीच्या पलीकडचा.
मी अलीकडचा, चौलचा.
गावी असताना एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.
रुवीत ओळख झाली, सामाईक गॅलरीत,
त्याच्या बनियनी माझ्या दोरीवर आल्या म्हणून.

त्यांच्या घरी पाण्याला 'आग' म्हणतात.
किल्ल्यातले शिपाई कधीचे गेले,
शब्द मागे राहिला, घासून घासून एवढाच,
चुलीजवळच्या तांब्यात.

लिस्बनचे चार दिवस.
विमान, हॉटेल, नाश्ता, एका संग्रहालयाचं तिकीट धरून.
व्हिसासाठी सहा महिन्यांची बँकेची पानं
आणि कंपनीचं पत्र: हा माणूस नक्की परत येईल.
असं लेखी मला घरच्यांनीही कधी दिलेलं नाही.

मृणाल तिकडून आली, मी इकडून.
तिथल्या विमानतळावर भेटलो,
पाहुण्यांसारखे,
आधी एकमेकांच्या बॅगा बघितल्या.

सगळा गाव चढाचा.
तिचे गुडघे तिसऱ्याच गल्लीत बसले.
पिवळी ट्राम भिंतीला खेटून वर जाते
आणि लोक तिचा फोटो काढतात. आम्हीही काढला,
त्यात ट्राम नाही, फक्त एका जर्मन माणसाचं कोपर.
घरांना बाहेरून निळ्या फरश्या.
आपल्याकडे मोरीत लावतात तशा,
मृणाल मोठ्यानं म्हणाली. कुणाला कळणार होतं!
मग अंड्याच्या पिवळ्याची ती गरम वाटी, वर दालचिनी.
दालचिनी आपली, असं म्हणून
तिनं बोट चाटलं,
जुनी उधारी वसूल केल्यासारखं.

संग्रहालयात काचेखाली एक नकाशा होता.
समुद्रात जहाजांपेक्षा मासे मोठे.
चौल सापडलं. ठिपका, स्पेलिंग चुकलेलं,
आणि दर्या जरा जास्तच आत शिरलेला,
म्हणजे आमचं घर बहुतेक पाण्यात.
वर डावीकडे मस्कत,
डोंगर, बुरूज, बुरजावर झेंडा.
असल्याच एका बुरजाखालून
मी रोज मत्रहला ऑफिसात जातो,
डबा मांडीवर, डोळे मिटून.

बोटानं अंतर मोजलं. अर्धा इंच.

राखणीची बाई खुर्चीतून उठून आली.
काचेला हात नको. मग जरा मऊ होऊन, तुम्ही कुठले?
मी दोन्ही ठिपके दाखवले.
ती थांबून राहिली,
तिला वाटलं, मी अजून ठरवतोय.

बावीस वर्षं मी त्या अर्ध्या इंचात ये-जा करतोय.
त्यात लोणच्याच्या किती बरण्या फुटल्या.
मुलीचं बारसं सीडीवर पाहिलं.
आईच्या दहाव्याला पोचलो तेव्हा
कावळा शिवून गेला होता.
आणि कुणीतरी एवढ्या लांबून येऊन
दोन्हीकडे किल्ले बांधून गेलं होतं,
आता त्यांचं घर बघायला आम्ही दोघं,
तिकीट काढून.

मृणाल म्हणाली, चल, पाय दुखतात.
पण जाताना तिनंही मोजलं.
तिची बोटं बारीक आहेत. तिला जरा जास्त भरलं.

शेवटच्या दिवशी नदीकाठी पाणी मागितलं.
टपरीवरचा पोरगा म्हणाला, आग्वा?
शेवट जवळजवळ गिळून.
नीट ऐकावं म्हणून पुन्हा मागितलं,
दोन बाटल्यांचे पैसे पडले.
मग ती त्या ठिपक्यावर गेली, मी ह्या.

जून. रुवी. रात्रीचे साडेअकरा.
बॅग न उघडता इनासला सांगितलं.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, आग्वा, आग्वा,
दुसऱ्याची कवळी तोंडात घालून बघावी तसं.
बसेना.
भात कालवलेला हात धुवायला आत गेला,
नळ सोडला.
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी.
हात झटकत ओरडला, आग!

कुठल्या भाषेत ओरडला,
मी विचारलं नाही.