रुझारचा उतार

म्हापशाच्या स्टँडवरून आम्ही सव्वीस पायलट निघालो
पिवळे मडगार्ड पुसून. धाकूने तर
टाकीवरचं पितळी नाव चिंचेने घासलं होतं,
चतुर्थीची समई घासतात तसं.

रुझार स्टँडवरच गेला, मंगळवारी,
पहिला नंबर त्याचा असताना.
मागे बसलेल्या मास्तरणीला वाटलं
किक मारायला वाकलाय.

मेलेल्या पायलटाला कसं पोचवायचं
कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.
उसकईच्या वरच्या खुरसापाशी गाड्या थांबवून
आम्ही वाद घातला, हळू आवाजात.
नझीर म्हणाला, हॉर्न वाजवू. सगळे एकदम. लांब.
पुतण्याचे मित्र पणजीहून आलेले,
भर मे महिन्यात काळी जाकिटं, मोठ्या गाड्या,
ते म्हणाले, पेटी उचलली की इंजिनं गर्जवायची,
असंच करतात सगळीकडे.
करत असतील, उल्हास म्हणाला,
पण खाली त्याची आई बसलीय, ब्याण्णव वर्षांची.

मग तोच म्हणाला, आठवतं का,
तो इथे इंजिन बंद करायचा.
खुरसापासून घरापर्यंत न्यूट्रल, नुसता उतार.
रोजचं चार आण्यांचं पेट्रोल वाचतं म्हणायचा,
आणि चार आणे बंद झाल्यावरही म्हणायचा.

एवढं पुरलं. चाव्या फिरल्या.
एकेक इंजिन गप्प होत गेलं,
शेवटचं त्या काळ्या जाकिटातल्या पोराचं, थोडं उशिरा.
आणि सव्वीस गाड्या, वर त्या चार मोठ्या,
काजूंच्या सावलीतून खाली सुटल्या.
चेनची किरकिर तेवढी. ब्रेकवर बोटं.
एक कुत्रा भुंकायला उठला
आणि भुंकायचं कशावर ते न कळून बसला.

बाल्कांवातल्या सोप्यावर म्हातारी होती.
आत पेटी, मेणबत्त्या, बायकांचं तेर्स.
तिने मान वर केली.
“आयलो,” म्हणाली.

तीस वर्षं ती त्याला आवाजाने नव्हे,
आवाज बंद होण्याने ओळखत आली होती.
हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.
भिंत धरत ती उठली, आत गेली, चुलीपाशी.
त्याची बायको आनामारी दारात उभी राहिली,
आमच्याकडे बघत. आम्ही हेल्मेटं हातात धरून,
बाजारातून नारळ आणल्यासारखी.

मृताच्या घरात चूल पेटवत नाहीत.
ती पेटली. पाद्रीबाब घड्याळ बघून
खुर्चीवर बसले, काही बोलले नाहीत.
पेज आली, एका वाडग्यात, एकाच माणसापुरती,
कडेला कैरीचं मिस्कूट.
वाडगा घेऊन ती अंगणभर बघत होती
एकेका तोंडाकडे.

पुढे कोण झालं? तो जाकिटवाला पोरगा.
पायरीवर बसला आणि प्यायला.
कढत होती, जीभ भाजली असणार,
पण फुंकर मारली नाही, वाडगा पुसून पुसून संपवला.
म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला
आणि म्हणाली, बारीक झालास.

नंतरचं सगळं रीतसर झालं.
चर्चच्या दारात मी सवयीने चपला काढल्या,
तापलेल्या फरशीवर एकटाच अनवाणी.
आतून सगळ्यांचे बूट वाजत होते.
माती टाकताना नझीरचा हात थरथरला
आणि थोडी त्याच्याच खिशात गेली.
ती त्याने झटकली नाही.

परतताना चढ. किक कुणीच मारली नाही.
ढकलत नेल्या गाड्या, वाकून, घामाने निथळत,
मोठ्या गाड्यांना दोन-दोन माणसं.
खुरसापाशी पोचलो तरी सगळे उभेच.
पहिला नंबर त्याचा होता ना.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बाई आली,
डोक्यावर रिकामी पाटी, माशांचा वास.
म्हापसा? तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता
नझीरच्या मागे बसली.