चार आकडे

सिलिंडर खांद्यावरून उतरवत त्याने विचारलं,
"मावशी, कोड?"

चारच आकडे.
आत्ताच तर वाचले होते, चष्मा लावून, मोठ्याने,
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीआधी.

तो दारात. मागे लिफ्ट,
रिकामं सिलिंडर मध्ये घालून अडवलेली,
दार आपटतंय, उघडतंय, आपटतंय,
वरून कुणीतरी ओरडतंय, "लिफ्ट सोडाऽऽ"
आणि माझ्या डोक्यातल्या बोर्डावरच्या
सगळ्या कॉर्डी कुणी एकदम उपसून घेतल्या.

विसरणं वेगळं.
विसरलेल्याची निदान जागा दुखते.
इथे जागाच नाही. पांढरी भिंत, नुकती धुतल्यासारखी,
तिच्यापुढे मी, तोंड अर्धं उघडं,
आणि गाऊनच्या खिशात दडवलेला उजवा हात
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा थडथडतोय.

मी कुंदा वैती.
ठाणे एक्स्चेंज, एकतीस वर्षं.
वागळे इस्टेटच्या निम्म्या कारखान्यांचे नंबर
डिरेक्टरी न उघडता सांगायचे.
रात्री अडीचला कोलशेतहून रडत आलेला फोन
सिव्हिलला जोडून दिलाय एका हाताने,
दुसऱ्या हातात चहा,
बशीत थेंब नाही.

"मोबाईलमध्ये बघा ना, मावशी."
मोबाईल डाव्या हातातच होता.
तो उघडायलाही चार आकडे लागतात.

डॉक्टर म्हणतात, घाई झाली की असं होणार,
गोळीची वेळ टळली तर जास्तच.
त्यांच्या केबिनमध्ये मी शंभरातून सात, सात वजा करत
थेट दोनपर्यंत उतरले होते.
तिथे कुणी लिफ्ट अडवली नव्हती.

पोरगा वाईट नव्हता. घामेजला होता.
"असू दे, उद्या येतो," म्हणाला,
आणि भरलेलं सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेतलं.
ते जास्त लागलं.

लिफ्ट तळमजल्याला टेकायच्या आत
सात, शून्य, दोन, नऊ.
ओळीने उभे,
दंगा करून आलेल्या पोरांसारखे साळसूद.
खिडकीतून हाक मारली, पण माझा आवाज आताशा
गॅलरीच्या कठड्यापलीकडे जात नाही.
टेम्पो खोपटच्या सिग्नलकडे वळला.

मोबाईल किणकिणला:
ग्राहक घरी आढळले नाहीत.

खोटं तरी कसं म्हणू?

पावणेबारा. गोळी घेतली.
कॅलेंडरवर आजच्या चौकोनात, मुंगीएवढ्या अक्षरांत,
चारही आकडे लिहून ठेवले,
उद्या दुसरे येणार
हे पक्कं ठाऊक असून.