शंभर मोजताना

काच आधी तळहातात उबवून घेते.
जुलैत ताकुआरेम्बोच्या माळावर
दहिवर बुटांखाली पत्र्यासारखं वाजतं,
आणि थंड काचेवर टेकलं
की जिवंत वीर्यही मेल्याचं सोंग घेतं.
दोष काचेचा, शिक्षा वळूला.
असं एकदा झालंय माझ्या हातून,
तेव्हापासून काच उबवते. दोनदा.

वळूचं नाव ओबिस्पो, म्हणजे बिशप.
तांबडं अंग, पांढरं तोंड,
चालणं असं की गाईंनी उठून उभं राहावं.
वजन नऊशे किलो.
वृषणांचा घेर अडतीस सेंटिमीटर.
फितीवरचा आकडा म्हातारा तेचेरा
चष्मा पुसून स्वतः वाचतो.
"बघ, मी सांगत नव्हतो?"

सांगत होता. पण फीत पिशवी मोजते,
पिशवीत काय चाललंय ते नाही.

पहिल्या थेंबात लाटा हव्यात.
चांगल्या वळूच्या थेंबात आभाळ घुसळतं,
भोवरे फुटतात, एकात एक मिसळतात.
इथे नुसती थरथर,
दूध तापायच्या आधी सायीखाली
हलतं तेवढीच.

मग रंग.
मेलेले गुलाबी होतात,
जिवंत पांढरे राहतात.
जिवंत असणं म्हणजे
बाहेरचा रंग आत येऊ न देणं,
निदान या काचेवर तरी.

अंगठ्याखाली गणकयंत्र टकटकतं.
धड. धड. शेपूट घातलेला.
धड. डोकं ठिकाणावर नसलेला,
म्हणजे खरंच नसलेला,
डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे.
मानेशी थेंब घेऊन आलेला,
ज्याचं पोरपण सुटलं नाही असा.
शेपूट घातलेला. शेपूट घातलेला. धड.

शंभर झाले. धड एक्केचाळीस.
सत्तर लागतात.

"किती?" तेचेरा विचारतो.
मी न ऐकल्यासारखं करून
दुसऱ्या काचेवर पुन्हा शंभर मोजते.
एकोणचाळीस.

गुरुवारी कत्तलखान्याचा ट्रक येणार आहे.
एक जागा त्याने राखून ठेवली आहे,
"लागणार नाही, पण असू दे" म्हणून.

वीर्य आजचं नसतं.
दोन महिन्यांमागची उधारी
आज वसुलीला येते.
"मेमध्ये काय झालं होतं याला?"
"काही नाही."
"तुम्ही इथे कुठे होता मेमध्ये?" सून ओफेलिया म्हणते,
कुंपणापलीकडून, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता.

मेमध्ये तो मोन्तेविदेओला होता,
भावाच्या उशाशी एकोणीस दिवस,
विसाव्या दिवशी मातीला.

मग एल्बिओ, गुराखी, टोपीच्या आत बघत बोलतो.
"तीन दिवस निलगिरीखाली उभा होता.
खाईना. मूत कॉफीसारखं.
मी सुई दिली. उठला.
तुम्ही आलात तेव्हा
तुमच्याकडे बघून बोलवलं नाही."

गोचिडांच्या या तापाला इथे म्हणतात
त्रिस्तेसा. उदासी.
औषधाच्या बाटलीवरही तेच छापलेलं.
मी वीस वर्षं हा शब्द
रोगाचं नाव म्हणूनच लिहीत आले.

तेचेरा बराच वेळ गप्प.
मग वळूच्या कपाळावरचा भोवरा खाजवत,
"तू पण का रे?"

फॉर्मवर तीन चौकोन आहेत.
योग्य. अयोग्य. फेरतपासणी.
लोकांना वाटतं मी पुढचं सांगते,
किती गाई गाभण राहतील, किती भाकड.
मी फक्त मागचं वाचते,
आणि तेही शंभरातलं.
तिसऱ्या चौकोनात फुली मारते.
साठ दिवस. सप्टेंबर.
तेव्हाही एकोणचाळीस निघाले
तर ट्रकवाल्याचा नंबर आहेच त्याच्याकडे.

तो फोन लावतो.
"गुरुवारी येऊ नकोस.
नाही, आजारी नाही.
होता."

एल्बिओ खोड्याचं फाटक उघडतो.
ओबिस्पो चार पावलं चालून थांबतो,
पाय फाकवतो,
दहिवरावर वाफाळती धार सोडतो,
लांबलचक, पिवळीधमक, स्वच्छ.
आम्ही तिघंही
ती संपेपर्यंत बघत राहतो.