किरकोळ

शिवडीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर
सोळा पॅनेलं बसली गेल्या डिसेंबरात.
पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर.
मी खजिनदार. बेस्टमध्ये एकतीस वर्षं मीटर वाचले.
मला विचाराल तर ऊन म्हणजे युनिट,
बाकीचा नुसता घाम.

सतरावं पॅनेल आलं ते कोपऱ्यात तडकलेलं.
कंत्राटदार म्हणाला, असू दे, परत न्यायला टेम्पो परवडत नाही.
ते मागितलं पंपवाल्या कोचरेकरच्या केतकीने.
टाकीच्या भिंतीवर काहीतरी फिरतं करते, म्हणाली.
फिरतं म्हणजे?
म्हणजे फिरतं.
त्याने काय होईल?
ती टाकीकडे बघत राहिली,
जणू प्रश्न टाकीला विचारला होता.

सभेत धुरी म्हणाले, त्याला बॅटरी जोडा,
लाइट गेली तर डिमेलोबाईंचा नेब्युलायझर चालेल.
डिमेलोबाई म्हणाल्या, माझा दमा पुढे करू नका.
मोटारींचे दोन हजार चारशे, नामंजूर.
नकाराला पहिला हात माझा.
बॅटरीचं बघू म्हणालो, ते राहूनच गेलं.

त्या रात्री माळ्यावरून जुना मीटर काढला,
भंगारात निघाला तेव्हा मागून घेतलेला.
आत ॲल्युमिनियमची चकती, कडेला एक काळी खूण.

हे कुणाला सांगितलेलं नाही:
आकडा वहीत उतरवून झाला तरी मी थांबायचो,
परक्या जिन्याखाली, बॅटरी धरून,
ती खूण पुन्हा समोर येईपर्यंत.
कधी झरझर, वर कुणी इस्त्री लावलेली.
कधी इतकी सावकाश
की घरात फक्त झिरोचा बल्ब असावा,
आणि कुणीतरी जागं.
त्या थांबण्याचा पगार मिळत नव्हता.

चकती केतकीला दिली.
मोटारी तिने दारूखान्यातून आणल्या, भंगारातल्या.

आता भिंतीवर तेलाच्या डब्यांची झाकणं फिरतात,
चार सीड्या, एक कुकरचं झाकण,
मधोमध माझी.
कवडसे टाकीवरून उतरून समोरच्या टॉवरपर्यंत जातात.
ढग आला की सगळं जागच्या जागी.
ऊन परतलं की आधी सीड्या हलतात,
कुकरचं झाकण सगळ्यांत शेवटी, कुरकुरत,
सकाळी सातच्या पाळीला उठवल्यासारखं.

मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली, चाळीस मिनिटं.
डिमेलोबाई जिन्यात बसून होत्या, हवा शोधत.
धुरींनी माझ्याकडे बघितलं. बोलले नाहीत.
वर चकत्या फिरत होत्या.
दुसऱ्या दिवशी बॅटरी आणली, वेगळी, माझ्या पैशाने.
त्याने त्या चाळीस मिनिटांचं काही होत नाही.

वर्षाचा हिशेब लिहायला बसलो.
गच्चीवरचं फिरतं: खर्च, किरकोळ, शून्य.
जमेच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पेन टेकलेलं राहिलं,
तिथे शाईचा एक काळा ठिपका उमटला.
खोडलेला नाही.