इतर

तक्रार क्रमांक चारशे बारा. किलुंग बंदर, गल्ली सत्तावीस.
तक्रारदार वू चुन-शियुंग, माशाचे गोळे वळतात,
पहाटे तीनला उठायचं म्हणून आठलाच दिवा घालवतात.
म्हणणं असं की रोज रात्री कुणीतरी यंत्र सुरू ठेवतं,
बारीक, टोचणारं, उशीच्या आतून आल्यासारखं.

मी मीटर घेऊन गेलो.
कचऱ्याची गाडी पियानोची तीच ती धून वाजवत आली,
सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर. चौऱ्याऐंशी डेसिबल.
तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.
ती गेली, स्कूटर उरल्या. एकोणसत्तर. बहात्तर.
मग सिग्नल लाल झाला.

तेव्हा ऐकू आलं.
पायाखालून.

गटाराच्या जाळीवर ओणवा होऊन बॅटरी मारली
तर काँक्रीटला चिकटलेला बेडूक,
अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा.
उजेड पडताच गप्प. मीही गप्प.
सरकारी माणूस आणि बेडूक,
आधी कोण बोलतो याची वाट बघत.

हिरवा : स्कूटर सुटल्या, हा गळा मिटून बसला.
लाल : लगेच सुरू.
नव्वद सेकंद. घड्याळ लावून पाहिलं,
अकरा वेळा. एकदाही चुकला नाही.
आणि ते गटार, आपण पावसाचं पाणी न्यायला बांधलेलं,
त्यानं घशासारखं वापरायला काढलेलं.
एवढासा जीव, नळीभर आवाज,
पलीकडच्या कुठल्या झाकणाखाली
तिला ऐकू जावा म्हणून. गेला नसेलही.

फॉर्मवर आवाजाच्या उगमासाठी चौकटी आहेत :
बांधकाम, वाहन, कराओके, देऊळ, फटाके, इतर.
'इतर'पुढे जागा दीड बोटाची.

वू चुन-शियुंग बनियनवरच खाली आले.
'सापडलं? केवढं आहे?'
मी अंगठा दाखवला.
ते बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, 'तीन वाजता मी उठतो ना,
तेव्हाही चालू असतं हो.'
त्यात राग होता की आणखी काही,
मीटरला कळलं नसतं.

घरी बाबा टीव्हीसमोर. आवाज एकोणचाळीसवर.
आई गेल्यापासून तो खाली आलेला नाही.
मी चपला काढून दारातच थांबलो.
बातम्या संपून जाहिरात लागण्याआधी
पडदा क्षणभर काळा होतो.
तेवढ्यात विचारलं, 'जेवलात?'

ते काहीतरी म्हणाले.
जाहिरात सुरू झाली होती.
मी शेजारी बसलो,
पुढच्या काळ्या पडद्यापर्यंत.